बांधावरचे खत

(मुळशी तालुक्यातील भातशेती करणाऱ्या मंडळींसाठी भाषण)

 

आज तुम्हाला एका झाडाविषयी सांगायचे आहे. झाड अगदी साधे आहे. त्याला आंबे लागत नाहीत. त्याचे लाकूड विकून कोणी वाडा बांधलेला नाही. पण हे झाड ज्याच्या बांधावर आहे, त्याच्या खाचराला खत मिळते. त्याच्या चुलीला जळण मिळते. त्याच्या शेळीला चारा मिळतो. आणि डोंगरावरचा ऐन आणि किंजळ कोयत्यातून वाचतो.

या झाडाचे नाव गिरिपुष्प. कोणी त्याला उंदीरमारी म्हणतात. खतांच्या दुकानात आणि शेतकी खात्यात ग्लिरिसिडिया असे नाव ऐकू येते. नावे तीन, झाड एकच.

तुम्ही म्हणाल, "झाडं लावा, झाडं लावा, हे तर आम्ही रोजच ऐकतो. यात नवीन काय?" नवीन हे, की हे झाड सावलीसाठी लावायचे नाही आणि शोभेसाठीही लावायचे नाही. हे झाड तोडण्यासाठी लावायचे आहे. दरवर्षी तोडायचे आणि दरवर्षी ते पुन्हा फुटणार. ते कसे, हे आता पाहू.

आपली जमीन आणि आपला पाऊस

आपल्या मुळशीत पावसाला तोटा नाही. ताम्हिणीकडे तर आभाळच फाटते. पाऊस आहे म्हणून भात आहे. आंबेमोहर शिजला की वास चार घरे जातो, तो याच मातीचा आणि याच पाण्याचा.

पण पाऊस देतो तसा नेतोही. आपली शेते उताराची. वरच्या खाचरातले पाणी खालच्या खाचरात उतरते, तिथून ओढ्याला जाते, ओढ्यातून नदीला. पाण्याबरोबर मातीतला कस जातो. आपण सकाळी युरिया फेकावा आणि दुपारी झड लागावी. मग तो युरिया कोणाच्या भाताला मिळाला? थोडा आपल्या, थोडा शेजाऱ्याच्या, आणि बाकीचा नदीतल्या शेवाळाला. पैसे मात्र सगळे आपले गेले.

जमिनीचे मोल मुळशीच्या माणसाला सांगायला नको. १९२१ साली इथल्या शेतकऱ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. लोक तुरुंगात गेले. तरी धरण झाले आणि खोऱ्यातली चांगली भातजमीन पाण्याखाली गेली. आज आपल्याजवळ जी खाचरे आहेत, त्यांतली पुष्कळशी वाडवडिलांनी उतारावर बांध घालून, माती अडवून तयार केलेली आहेत. त्या मातीतला कस टिकवणे हे आपले काम आहे. आता हिंजवडीपर्यंत शहर आले. तरणी पोरं तिकडे कामाला जातात. शेतात हात कमी पडतात. म्हणून खत असे हवे, की जे लांबून आणावे लागणार नाही. ते बांधावरच हवे.

राब का भाजतात?

आपल्याकडे उन्हाळ्यात राब भाजतात. रोपाच्या जागेवर शेण, झाडांचे टहाळ, पातेरा आणि गवत पसरायचे, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचे. मग पाऊस पडला की तिथे भात पेरायचा.

आपले जुने लोक काही वेडे नव्हते. राब भाजला की तणाचे बी जळते. माती भुसभुशीत होते. राखेने रोप जोमदार उगवते. हे सगळे खरे आहे.

पण त्यात दोन तोटे आहेत. पहिला तोटा डोंगराचा. थोड्याशा जागेच्या राबासाठी किती टहाळ लागतो, हे ज्याने डोक्यावरून भारे वाहिले त्यालाच विचारा. बहुतेक घरांत तिलाच विचारावे लागेल. दरवर्षी ऐनाच्या फांद्या छाटायच्या. एके काळी माणसे थोडी होती, रान दाट होते, म्हणून ते चालले. आता रान मागे सरले. झाडाला फुटायला सवड मिळत नाही. मग डोंगर बोडका होतो, आणि बोडक्या डोंगरावरची माती पहिल्याच पावसात खाली येते.

दुसरा तोटा खताचा. पाल्यात नत्र असते. नत्र म्हणजे पिकाला हिरवेपणा आणि वाढ देणारा अन्नाचा भाग. युरियाची गोणी आपण घेतो ती नत्रासाठीच. पाला जाळला की त्यातले नत्र धुराबरोबर उडून जाते. राखेत पालाश राहते, चुना राहतो. नत्र राहत नाही. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात आपण नत्र जाळतो, आणि जुलैत पैसे देऊन तेच नत्र दुकानातून आणतो!

हवेतले खत

आता एक नवलाची गोष्ट ऐका. ज्या नत्रासाठी आपण पैसे मोजतो, ते आपल्या चारी बाजूंना भरलेले आहे. आपण श्वास घेतो त्या हवेच्या शंभर भागांत अठ्ठ्याहत्तर भाग नत्रच आहे. पण भाताला हवेतले नत्र घेता येत नाही. गव्हाला येत नाही, ऐनालाही येत नाही. ताट समोर वाढलेले आहे, पण हात बांधलेले आहेत, तशी ही गत.

काही झाडांनी मात्र यावर युक्ती केली आहे. भात काढल्यावर आपण वाल, पावटा, हरभरा पेरतो ना? त्याचे एक रोप अलगद उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. तो रोग नव्हे. त्या गाठींत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर देते. ते झाडाला हवेतले नत्र धरून देतात. दोघांचा वाटेकरीचा व्यवहार आहे. एक गाठ नखाने फोडा. आत तांबूस-गुलाबी रंग दिसला, तर समजा कारखाना चालू आहे.

गिरिपुष्प हे वाल-पावट्याच्याच कुळातले आहे. त्याच्याही मुळांवर अशा गाठी येतात. फरक इतकाच, की वाल तीन-चार महिन्यांत संपतो आणि गिरिपुष्प वर्षानुवर्षे उभे राहते. त्याचा पाला म्हणजे हवेतून काढलेले खतच.

नागा लोकांचे झाड

अशा झाडावर शेती करणे ही काही आजची कल्पना नाही. आपल्या देशाच्या पूर्वेच्या टोकाला नागालँड आहे. तिथे कोहिमा शहराजवळ खोनोमा नावाचे गाव आहे. तिथले अंगामी नागा लोक डोंगरउतारावर शेती करतात. आपल्यासारखाच उतार, आपल्यासारखाच जोराचा पाऊस.

त्यांच्या शेतात एक झाड असते. इंग्रजीत त्याला आल्डर म्हणतात आणि नेपाळी लोक उतीस म्हणतात. हे झाड भराभर वाढते. ते वाल-पावट्याच्या कुळातले नाही, तरी त्याच्या मुळांवरही गाठींचे झुपके येतात आणि तेही हवेतले नत्र धरते.

नागा शेतकरी हे झाड मुळापासून तोडत नाही. साधारण पुरुषभर उंचीवर त्याचा शेंडा आणि फांद्या छाटतो. खोड तसेच उभे ठेवतो. मग खाली मका, भात, बटाटा, भाजी असे पीक घेतो. दोन वर्षे पीक घेतले की जमिनीला थोडी वर्षे विसावा देतो. तेवढ्यात झाडाला पुन्हा फांद्या येतात. पाला गळून कुजतो. जमिनीत पुन्हा कस भरतो. छाटलेल्या फांद्यांचे जळण होते. फिरत्या शेतीत जमीन पुष्कळ वर्षे पडीक ठेवावी लागते. खोनोमात ती लवकर पुन्हा पिकाला येते. हे या झाडामुळे.

तुम्ही म्हणाल, "मग तेच उतीस आणून लावू या." नाही मंडळी, ते इथे जमायचे नाही. ते हिमालयाच्या बाजूचे, थंड हवेचे झाड. त्याला ओल सारखी लागते. आपल्याकडे दिवाळीनंतर पाऊस तोंड दाखवत नाही, आणि वैशाखात कातळ तापून तवा होतो. म्हणून त्यांचे झाड घ्यायचे नाही, त्यांची रीत घ्यायची. रीत अशी: खोड राखा, फांदी कापा, पाला जमिनीला द्या. आपल्या उन्हात टिकेल असे झाड गिरिपुष्प आहे.

गिरिपुष्पाचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिकडचे लोक कोकोच्या बागेत सावलीसाठी ते लावीत. ते त्याला कोकोची आई म्हणत. स्पेनच्या लोकांनी ते जहाजातून फिलिपाईन्सला नेले. श्रीलंकेत ते चहाच्या मळ्यात गेले. असे फिरत फिरत ते आपल्याकडे आले. पानगळ झाली की थंडीच्या अखेरीस त्याला फिकट गुलाबी फुलांचे तुरे येतात. तेव्हा ते लांबूनही ओळखता येते.

लावायचे कसे?

लावण्याच्या दोन रीती आहेत. एक फांदीची, दुसरी बियांची.

फांदीची रीत सोपी. एक वर्ष जुनी, अंगठ्यापेक्षा जाड अशी फांदी निवडा. कोवळी हिरवी फांदी कुजते, ती नको. दोन ते तीन हात लांबीचे तुकडे करा. खालचे टोक तिरपे कापा. पाऊस लागला आणि माती ओली झाली की हे तुकडे बांधात वीतभर खोल रोवा. भोवतीची माती पायाने दाबा. खालचे टोक खालीच राहू द्या, उलटे लावू नका. थोड्याच दिवसांत कोंब दिसू लागतात.

बियांची रीत जरा वेळाची, पण झाड पक्के होते. बियांच्या झाडाचे मूळ खोल जाते. मुरमाड बांधावर, उन्हाच्या जागी हीच रीत बरी. शेंगा उन्हाळ्यात पिकतात. तडकून बी उडून जाण्याच्या आधी त्या काढाव्यात. बी रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी माती आणि कुजलेले शेणखत भरलेल्या पिशवीत एक-दोन बिया लावा. एप्रिलमध्ये लावले तर जुलैत रोप बांधावर न्यायला तयार होते.

दोन झाडांत अंतर किती? बांधावर साधारण दोन हात. म्हणजे एक मीटर. शंभर मीटर बांध असेल तर शंभर झाडे झाली. बांध तुमचा आणि शेजाऱ्याचा सामाईक असेल, तर आधी त्याला विचारा. पाला दोघांनी वाटून घ्या. झाडावरून भाऊबंदकी नको.

पहिले वर्ष जपायचे. भात निघाले की आपल्याकडे गुरे मोकळी सुटतात. शेळीला हा पाला आवडतो, आणि कोवळे झाड ती बुंध्यापर्यंत खाते. म्हणून पहिल्या उन्हाळ्यात भोवती करवंदीच्या काट्या लावा. वणव्याच्या दिवसांत बांधावरचे वाळके गवत काढून टाका. एक उन्हाळा निघाला, की पुढे या झाडाला पाणी घालावे लागत नाही.

तोडायचे कधी आणि घालायचे कसे?

पहिल्या वर्षी कोयता लावू नका. मूळ धरू द्या. दुसऱ्या वर्षापासून तोडायला सुरुवात करा. कमरेइतक्या उंचीवर खोड ठेवा, वरच्या फांद्या छाटा. कोयत्याला धार असू द्या. बोथट कोयत्याने खोड चिरते आणि त्यात पाणी शिरते.

पहिली तोड आवणीच्या आधी. तिची वेळ महत्त्वाची आहे. चिखलणीच्या सहा ते आठ दिवस आधी पाला फांद्यांसकट खाचरात पसरून ठेवा. पाने आपोआप देठापासून सुटून गळतात. मग नुसत्या फांद्या उचलून बाजूला काढा. त्या वाळल्या की चुलीला. पाने चिखलात गाडली जातात आणि लवकर कुजतात. त्यानंतर आवणी करा. अशी तोड केल्याने आणखी एक फायदा होतो. भात वाढत असताना बांधावरच्या झाडाची सावली पिकावर पडत नाही.

पावसाळ्यात झाड पुन्हा फुटते. भातकापणीनंतर दुसरी तोड मिळते. ती वाल-हरभऱ्याच्या रानात घाला, परसातल्या भाजीला घाला, नाहीतर शेणखताच्या खड्ड्यात टाका. सगळ्या झाडांची दुसरी तोड करू नका. काही झाडे बियांसाठी तशीच राहू द्या.

किती पाला घालायचा? एका गुंठ्याला ३० किलो ओला पाला. हे प्रमाण चारसूत्री भातशेतीत सांगितलेले आहे. ही पद्धत कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी घालून दिली. तिच्यात चार गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, भाताचे भाताला परत द्या. पेंढा जमिनीत गाडा. रोपासाठी राब न भाजता गादीवाफा करा, आणि त्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळा. एका चौरस मीटरला अर्धा ते एक किलो राख पुरते. तुसे भातगिरणीत मिळतात. या राखेत सिलिका असते. तिने रोपाची काडी कणखर होते. टहाळ तोडण्याची गरज राहत नाही.

दुसरी गोष्ट, गिरिपुष्पाचा पाला. तो आपण पाहिलाच.

तिसरी गोष्ट, दोरी धरून नेमकी आवणी. एक अंतर १५ सेंटिमीटर, पुढचे २५, पुन्हा १५, पुन्हा २५. असे उभे आणि आडवे दोन्हीकडून. एका चुडात दोन-तीनच रोपे. मूठभर रोपे खुपसायची नाहीत.

चौथी गोष्ट, युरिया-डीएपीच्या गोळ्या. आवणीच्याच दिवशी, जवळजवळ लावलेल्या चार चुडांच्या मधोमध एक गोळी बोटभर खोल दाबायची. एका गुंठ्याला सव्वासहाशेच्या आसपास गोळ्या लागतात. त्यांचे वजन पावणेदोन किलोसुद्धा भरत नाही. गोळी चिखलात गाडलेली असते, म्हणून पावसाने खत वाहून जात नाही.

आता हिशोब करू

आपल्याला आता लिहिता-वाचता येते. मग हिशोब तोंडी का करायचा? पाटीवर मांडू.

वाळलेल्या १०० किलो पाल्यात साधारण ३ किलो नत्र असते. पण ओल्या पाल्यात बरेचसे पाणीच असते. ३० किलो ओला पाला वाळला तर सहा-सात किलो भरेल. म्हणजे एका गुंठ्याला सुमारे २०० ग्रॅम नत्र मिळाले. युरियात १०० किलोमागे ४६ किलो नत्र असते. तेव्हा हा पाला जवळजवळ ४३० ग्रॅम युरियाच्या बरोबरीचा झाला. वीस गुंठ्यांना हिशोब केला तर साडेआठ किलो युरिया.

कोणी म्हणेल, "एवढंच? मग एवढी खटपट कशाला?"

प्रश्न रास्त आहे. खोटी आशा दाखवणारे भाषण आपल्याला नको. नुसत्या पाल्यावर भाताची सगळी भूक भागत नाही. म्हणून तर पाल्याबरोबर गोळ्याही सांगितल्या आहेत. पण युरियाच्या गोणीत फक्त नत्र असते. पाल्यात नत्र आहे, पालाश आहे, आणि मातीला धरून ठेवणारा कुजका अंशही आहे. मातीत कुजका अंश असला की ती पाणी धरते आणि खतही धरते. नुसता युरिया घालत राहिलो आणि पाला-शेण काहीच दिले नाही, तर माती रोडावते. मग तेच पीक यायला दरसाल जास्त खत लागते. शिवाय फेकलेल्या युरियातला मोठा भाग आपल्या पावसात वाहून जातो, हे विसरू नका.

आता झाडे किती लागतील? समजा एका झाडाने एका तोडीला ३ किलो पाला दिला. मग एका गुंठ्याला १० झाडे. वीस गुंठ्यांना २०० झाडे. म्हणजे २०० मीटर बांध. तेवढा बांध पुष्कळांजवळ असतो. तुमचे झाड ३ किलो देते की ५ किलो, हे तराजूवर मोजून पाहा आणि वहीत लिहा. मी सांगितले म्हणून मानू नका. तुमची माती वेगळी, तुमचे झाड वेगळे.

जळण आणि चारा

खताचा हिशोब पुरुष मांडतील. जळणाचा हिशोब बायांना मांडू द्या.

गॅसची टाकी आता घरोघर आली, हे खरे. पण पाणी तापवायला, भाकरी भाजायला, लग्नकार्याला लाकूड लागतेच. डोंगरावरून मोळी आणायची म्हणजे अर्धा दिवस जातो आणि मान मोडते. बांधावरची फांदी पन्नास पावलांवर असते. गिरिपुष्पाचे लाकूड वाळले की चांगले जळते. जाड फांदी कुंपणाला रोवली तर तीच फुटून जिवंत कुंपण होते.

चाऱ्याचे असे आहे. शेळ्या हा पाला लवकर खाऊ लागतात. गाय-म्हैस पहिल्यांदा नाक मुरडते, कारण पाल्याला वास असतो. पाला तोडून काही तास सुकू द्या, मग पेंढ्यात मिसळून थोडा थोडा घाला. सवय लागते. पण नुसत्या याच पाल्यावर जनावर ठेवू नका. चाऱ्याचा एक चतुर्थांश भाग पाला, बाकीचा पेंढा आणि गवत. घोड्याला हा पाला मुळीच घालू नका. त्याला तो बाधतो.

आणि उंदीरमारी हे नाव उगाच पडलेले नाही. या झाडाचे बी आणि साल विषारी आहे. काही देशांत धान्याबरोबर शिजवून ते उंदरांना घालतात. म्हणून पोरांना शेंगा खेळायला देऊ नका. बियांची पिशवी स्वयंपाकघरात ठेवू नका.

झाड कुठे लावू नये?

आता शेवटची गोष्ट. ती नीट ध्यानात ठेवा.

चांगली वस्तू चुकीच्या जागी ठेवली की वाईट होते. मीठ जेवणात हवे, पण दुधात नको. पुण्याच्या टेकड्यांवर एके काळी गिरिपुष्पाची मोठी लागवड झाली. टेकड्या लवकर हिरव्या दिसू लागल्या. पण पुढे निसर्गाचा अभ्यास करणाऱ्यांच्या लक्षात आले, की जिथे हे झाड दाट झाले, तिथे आपली गावठी झाडे-झुडपे मागे पडली. पाखरांना आणि फुलपाखरांना आपल्या झाडांवर जे मिळते, ते या पाहुण्यावर मिळत नाही.

म्हणून नेम असा करा. गिरिपुष्प बांधावर, कुंपणाला, परसात. डोंगरावर नाही. ओढ्याकाठच्या रानात नाही. आणि देवराईत तर मुळीच नाही. देवराईत कोयता चालवायचा नाही, हे आपल्या पूर्वजांनी ठरवले. तिथे परके झाडही न्यायचे नाही, हे आपण ठरवू. डोंगर ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा यांचा आहे. त्यांना विसावा मिळावा, म्हणून तर हे झाड बांधावर आणायचे. बांधावर झाड आणि डोंगरावर पुन्हा कोयता, असे झाले तर सगळेच मुसळ केरात.

मग करायचे काय?

एकदम दोनशे झाडे लावायला मी सांगत नाही. एवढेच करा. येत्या पावसात प्रत्येकाने वीस फांद्या लावा. वीस फांद्यांना एक सकाळ पुरते. तिसऱ्या पावसाळ्यात त्या वीस झाडांचा पाला दोन गुंठ्यांत घाला. शेजारच्या दोन गुंठ्यांत नेहमीप्रमाणे करा. भात दोन्हीकडे एकच लावा, आवणीही सारखीच करा. कापणीच्या वेळी दोन्हीकडचे भात वेगळे झोडा आणि वेगळे मोजा.

आणि एक वही घाला. एका पानावर तीन गोष्टी लिहा. झाडे किती जगली? पाला किती किलो निघाला? भात किती पायली आला? पहिल्या वर्षी एकच ओळ भरेल. हरकत नाही. पुढच्या वर्षी दुसरी भरेल. अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल, आकडा मात्र खरा असू द्या.

दोन-चार वर्षांनी पावसाळ्यापूर्वी गावातल्या वह्या एकत्र ठेवा आणि मोठ्याने वाचा. ज्याचा आकडा चांगला, त्याला विचारा त्याने काय केले. ज्याचा वाईट, त्यालाही विचारा. मग पुढच्या झाडांचे काय करायचे, ते तुमचे तुम्हीच ठरवाल.

फांद्या कोणाकडून आणायच्या, एवढेच आता आपापसात बोलून घ्या. ज्याच्या बांधावर झाड आहे, त्याने दुसऱ्याला फांदी द्यावी. तोडल्याने झाड कमी होत नाही, ते पुन्हा फुटते.